पाय म्हंजे काय?

"सर, पाय म्हंजे काय?"

एवढंच मी विचारलं हुतं. फळ्यावर फेऱ्यांचं सूत्र लिहिलेलं. हजार गुणिले कटिंग स्पीड, भागिले पाय गुणिले व्यास. मिनिटाला मशीन किती फेऱ्यांनी फिरवायचं ते त्यातनं निघतं. सर सारखं पाय, पाय म्हणत हुते. मला कळंना, लोखंडाच्या हिशोबात पाय आला कुठनं.

सांगलीतलं एक खाजगी आयटीआय. नाव सांगत न्हाई, सांगून उपेग काय? मशिनिस्टच्या वर्गात आमी पोरी दोघीच. सर इंजिनिअर, त्यांचा बाप इंजिनिअर, आजाबी कुठल्याशा कारखान्यात मोठा सायेब. हे आठवड्यातनं एकदा तरी ऐकवायचेच.

सरांनी दाराकडं बघितलं. दारात माझा बाप, आबा उभा. माझा जातीचा दाखला घेऊन आलता. आमी जतकडचे धनगर. दसऱ्यानंतर कळप कृष्णाकाठाला रानात बसवलेला, तिथनं तो चालत आलता. वर्गाची वाट वर्कशॉपमदनं, तिथल्या मशीनींना खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच हुतं. ते बघून आबानं देवाचं ठिकाण समजून वहाणा बाहेर काढल्या अन् अनवाणी आत आला.

सरांनी खडू आबाच्या पायावर रोखला.

"तो बघ पाय. मेंढरांमागं फिरून फाटलेला. बावीस भागिले सात. आता जन्मात विसरणार नाहीस."

वर्ग खोखो हसला. आबाबी हसला. त्याला वाटलं, सायेब कायतरी कौतुकाचं बोलला. आपल्या पायाकडं बघत हसला अन् त्यानं हात जोडले.

अन् मीबी हसले.

सर काय बोलले, ते मी चारचौघांना सांगितलंय. मी हसले हे आज नऊ वर्सांनी पहिल्यांदा सांगते.

मला ते येत नव्हतं असंबी न्हाई. आमच्या शाळेत गुरुजींनी घागरीभवती दोरी गुंडाळून, मग तीच दोरी घागरीच्या रुंदीवर मोजून दाखवलेली. तीन वेळा बसती अन् थोडी उरती. त्याला ते बावीस सप्तमांश म्हणायचे. त्याचं नाव पाय हाय, हे ज्या महिन्यात शिकवलं असंल, त्या महिन्यात मी कळपाबरोबर हुते.

एसटी स्टँडवर आबा लंगडत हुता. टाचंत लोखंडाचा कीस घुसलेला. मी ओढणीची पिन काढून तो उकरून काढला. आबा वरनं म्हणतोय, "सायेब लय हसतमुख हाय गं. असा मास्तर मिळाय नशीब लागतं." मी मान खाली घालून कीस काढत राहिले. काय सांगणार? कोणच्या तोंडानं सांगणार?

त्यानं ते गावभर केलं. पारावर, बाजारात, पावण्यात. "माझा पाय दाखवून सायबानं पोरीला हिशोब शिकवला." दोन वर्सांमागं आबा गेला. दुखवट्याला आलेला एक म्हातारा मला म्हणाला, "बापाच्या पायावर शिकलीस बाई तू." मी गोठ्यात जाऊन रडले. आबा गेला म्हणून रडले का त्याला खरं सांगितलं न्हाई म्हणून, मला अजून उमगलेलं न्हाई.

आता मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हाय. काम भोकांचं. ड्रिलनं पडलेलं भोक ओबडधोबड असतं, त्याला नेमक्या मापाला आणतो तो रिमर. लय नाजूक गडी. ड्रिलच्या निम्म्या स्पीडनंच त्याला फिरवायचा, न्हाईतर निम्म्याच्याबी खाली. फीड, म्हंजे पुढं सरकायचा वेग, तो मातूर दुप्पट. घाई केली की थरथरतो अन् भोक मोठं करून ठेवतो. अन् मोठं झालेलं भोक कुणाचा बाप बारीक करू शकत न्हाई.

गेल्या महिन्यात बिडाच्या, म्हंजे ओतीव लोखंडाच्या नगांचा लॉट आला. रिमर बारा एमएमचा. प्रोसेस शीटवर ड्रिलला साडेसहाशे फेऱ्या लिहिलेल्या अन् खाली रिमरलाबी साडेसहाशेच. वरची ओळ खाली उतरवलेली, आंधळ्यालाबी दिसंल. दुसऱ्याच नगाला रिमर किंचाळला. मी गेज लावला. गेजचं एक टोक भोकात जायाच पायजे, दुसरं जाता कामा न्हाई. न जायचं टोक गुमान आत गेलं.

मशीन बंद करून मी इंजिनिअरकडं गेले. नवा पोरगा, माझ्यापेक्षा लहान, पण सायेब. म्हटलं, "सायेब, रिमरला दोनशे चाळीस पायजेत."

त्यानं मानबी वर केली न्हाई. "शीटवर आहे ते चालव. हिशोब आमच्याकडं राहू दे."

अन् मी चालवलं. हेबी लपवत न्हाई. नोकरी कंत्राटी, औंदा कायम करतो म्हणलेले, घरी आई एकटी. रिमर दिवसभर किंचाळत हुता अन् मी नग लावत हुते. पुरा लॉट भंगारात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला मॅनेजरसायबांनी सगळ्यांसमोर विचारलं, कशामुळं झालं. इंजिनिअर म्हणाला, "ऑपरेटरला आरपीएमचा हिशोब येत नाही, सर. मेंढरं हाकायची सवय. मशीनही हाकलं."

सगळी हसली. हसता हसता माझ्याकडं बघाय लागली. हे बघणं मला पाठ हाय. ज्याच्यावर बोललं त्यानंबी हसायचं असतं. तो हसला की झालं, कुणी कुणाचा अपमान केलाच न्हाई. आयटीआयपासनं मी असंच हसत आले. हॉस्टेलात हसले, कँटीनमदी हसले.

माझं तोंड आपसूक फाकाय लागलं. तवा आबाचे ते जोडलेले हात डोळ्यांपुढं आले.

मी तोंड मिटलं.

मी हसत न्हाई म्हणल्यावर बाकीच्यांचं हसणं एकेक करून थांबलं. लय वेळ लागला त्याला. मग मी उठले, बोर्डावरचा मार्कर घेतला अन् लिहिलं. हजार गुणिले रिमरचा कटिंग स्पीड नऊ, भागिले पाय गुणिले बारा. दोनशे अडतीस अन् वर थोडं.

"पाय म्हंजे बावीस सप्तमांश," मी म्हणाले. "मशीनवर दोनशे चाळीस. काल मी हेच सांगितलं हुतं. शीट आणा."

शीट आणली. रिमरला दोनशे चाळीस!

काल मी धरलेल्या कागदावर माझ्या बोटांचं तेल लागलं हुतं. हा कोरा करकरीत. शेजारच्या मशीनवरच्या काकांनी कालचा कागद बघितला हुता. मी त्यांच्याकडं बघितलं. ते बुटाकडं बघत राहिले. त्यांना दोन पोरी हायती लग्नाच्या. मी कुणाला दोष देऊ?

दुपारी मॅनेजरसायबांनी टाइप केलेला खुलासा पुढं सरकवला. ‘मला हिशोबाचे ज्ञान नसल्यामुळे माझ्याकडून चूक झाली.’

"सही कर," ते म्हणाले. "कायम करायचं मी बघतो. इतकं मनाला लावून घेऊ नये, हसून सोडून द्यायचं."

"न्हाई," मी म्हणाले. हसून सोडायचं ते एकदा सोडलं हुतं. आबा मरंस्तवर ते फेडता आलं न्हाई.

तवापासनं माझ्याकडनं मशीन काढून घेतलंय. कोपऱ्यात स्टुलावर बसून मी कानशीनं नगांची धार मोडते. माझ्या मशीनवर दुसरा पोरगा हाय. रिमर दोनशे चाळीसवर फिरतो, गप. आई फोनवर रडती, "एक सहीच हाय न्हवं गं? कर की." तिचं रडून झाल्यावर मीबी रडते.

सोमवारी चौकशी हाय. माझा खुलासा मी माझ्या हातानं लिहून नेणार. काम जाईल, बहुतेक जाईलच. पहिली ओळ लिहून ठेवलीया: माझे वडील मेंढरं राखत होते आणि मला रिमरचा स्पीड काढता येतो.

खाली सही करणार ती पुरी. मदी आबाचं नाव असलेली.

ती ओळ मी उभी राहून मोठ्यानं वाचणार. कुणी हसलं तर थांबणार. त्यांचं हसून झालं की तीच ओळ परत वाचणार.