रुआबांध्याचा कॅमेरा आणि मामांची ड्यूटी

भिलाईला कोणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते. पण मामांचा फोन आला. मामी पडली होती, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून घरी आणली होती, आणि हे सगळं होऊन गेल्यावर ते मला सांगत होते. "ये एखादवेळ, जमलं तं," एवढंच म्हणाले. आमचे मामा 'ये' म्हणणाऱ्यातले नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी बँकेत रजा टाकली आणि नागपूरहून सकाळची गाडी पकडली. तेव्हा किल्ले आणि धबधबे शोधत या ब्लॉगवर येणाऱ्यांनी या खेपेला मला सांभाळून घ्यावं.

तरीही जाणाऱ्यांसाठी सांगते. दिवसाची गाडी घ्या आणि खिडकी मिळवा. गोंदियापर्यंत नुसती भाताची शेतं, पण सालेकसा-दरेकसा सुटलं की दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येतं, मग बोगदा, आणि पुढे डोंगरगडचा देवीचा डोंगर. गोंदियाला डब्यात आलेला आलूबोंडा गरम असेल तरच घ्या, माझा नव्हता. दुर्गला उतरून भिलाईतल्या रुआबांध्यासाठी, म्हणजे मामांच्या वस्तीसाठी, ऑटो करा आणि भाव बसायच्या आधी ठरवा. बसल्यावर तो ठरवतो.

मामांचे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथे आले. मामा जन्मभर प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि रुआबांध्याला दोन खोल्यांचं घर बांधलं. मामीला गेली काही वर्षं विसर पडतो. कधी मला ओळखते, कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारते. त्यांचा एकुलता एक मुलगा नीलेश बेंगळुरूला आहे. गेल्या दिवाळीत त्याने पुढच्या खोलीत, दाराच्या वर, एक छोटा पांढरा कॅमेरा बसवून दिला. घरात शिरल्या शिरल्या मला आधी तोच दिसला.

मामी खाटेवर होती, पायाखाली उशी. "आली का गं," म्हणाली आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "बाबू, पाय दुखून राहिला रे." बाबू म्हणजे तिचा नीलेश.

शेजारच्या साहूबाईंनी चहा आणि फरे आणले. तांदळाच्या पिठाचे हे वाफवलेले लांबट गोळे हिरव्या चटणीबरोबर खावेत, इथे आलात तर चुकवू नका. त्यांनीच मला ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. मामा हुडको वसाहतीच्या बाजारात भाजी आणायला गेले होते. मामी उठली आणि दाराशी पाय घसरून पडली. "मैं तो कपड़ा सुखाने निकली दीदी, तब आवाज सुनी," साहूबाई म्हणाल्या. "कब से पड़ी थी, भगवान जाने. और भैया तब से नीलेश का फोन नहीं उठाते."

दुपारी मामी झोपल्यावर मी मामांना सरळ विचारलं. फोन का उचलत नाही?

त्यांनी खाटेची एक सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "तुले प्लांटचं सांगतो. शिफ्ट संपली म्हणून कोणी उठून नाही जात. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येते, त्याले चार्ज द्या लागते. भट्टी कशी आहे, काय बिघडून राहिलं, सारं सांगून मंग जाचं. तो नाही आला तं आपण तिथंच. माह्या लग्नाच्या आदल्या दिवशी रिलीव्हर नाही आला, तं मी डबल ड्यूटी केली होती."

"हो, पण नीलेशचं काय?"

"त्यानं कॅमेरा लावला तवा काय म्हणला? बाबा, मी इथून पाहत राहीन, तुमी बिनघोर जा. मी रोज त्याले सांगूनच जात होतो. इथं उभा राहून." त्यांनी कॅमेऱ्याखालची जागा दाखवली. "आईनं गोळी घेतली, चहा झाला, आता झोपली आहे, मी बजारात चाललो. सारं सांगून जात होतो. त्या दिवशीही सांगितलं. ती इथंच पडली, त्याच्या डोळ्यासमोर. मंग त्यानं काहून नाही फोन केला कोणाले? सांग ना."

 म्हणजे इतके दिवस हा माणूस असं समजून बसला होता, की पोरगं आईला जमिनीवर पडलेली पाहत राहिलं आणि गप्प बसलं.

खरं काय होतं ते मला गाडीत असतानाच नीलेशने फोनवर सांगितलं होतं. घरात काहीही हललं की तो कॅमेरा त्याच्या मोबाइलवर सूचना पाठवतो. पडदा हलला, मांजर आलं, मामीने हात हलवला, की वाजलाच फोन. पहिल्या आठवड्यात त्याने प्रत्येक सूचना पाहिली. मग मीटिंगमध्ये वाजायला लागला, म्हणून आवाज बंद केला. संध्याकाळी एकदा उघडून पाहायचा. त्या दिवशीही त्याने संध्याकाळीच पाहिलं. "ताई, मैंने उनको ये बताया ही नहीं," म्हणाला. "मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

मी मामांना हे सगळं सांगितलं. माझाच मोबाइल काढून, त्यात न पाहिलेल्या सूचनांचा ढीग किती पडलेला असतो तेही दाखवलं.

"म्हंजे तो पाहून नव्हता राहिला?"

"नाही मामा."

"रोज नाही?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा राग माझ्यादेखत उतरला. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. पण मग ते खाली मान घालून म्हणाले, "मंग तं जागा मीच सोडली ना. कोणाले चार्ज न देता." आणि रडायला लागले. मामांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मलाही रडू आलं. त्या दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. एकाला 'पाहत राहीन' म्हणजे जागेवर बसणं वाटलं, दुसऱ्याला मनात आलं की बघणं, आणि मधल्या मधे मामी फरशीवर पडून होती.

संध्याकाळी नीलेशचा फोन आला, तो मामांनी उचलला. पलीकडून तो "बाबा, सॉरी, बाबा" एवढंच म्हणत होता. मामांनी त्याला थांबवलं. "आयक. दिवसभर नको पाहू. तुले तुयं काम आहे. मले बाहेर जाचं असन तवा मी फोन करीन. तू हाव म्हणशील तं जाईन, नाई तं नाई. आणि कधी येतं आईले भेटाले, ते सांग." तो महिनाअखेरीस येतो म्हणाला. नीलेशला जमणार नाही तेव्हा साहूबाई, आणि त्याही नसल्या तर मी, असं ठरलं. कॅमेरा माझ्या मोबाइलवरही जोडून दिला. तो काढून टाकावा असं मला वाटत होतं, पण मामी त्याच्याशी बोलते, म्हणून कोणी विषय काढला नाही.

दोन दिवसांनी परतले. परतीच्या गाडीचं आरक्षण आधीच करा, दुर्गहून गाडी भरून येते.

घरी आल्यावर लोकांनी विचारलं, भिलाई कशी आहे? रुंद रस्ते, झाडं, पोहा-जलेबी, सगळं सांगितलं. पण खरी भिलाई मला गेल्या मंगळवारी कळली, नागपुरात, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत. मामांचा फोन आला. नीलेश कामात, साहूबाई गावाला, आणि मामीची गोळी संपलेली. "कॅमेऱ्यात पायतं का तू?" मी हो म्हटलं. ते कॅमेऱ्याखाली येऊन उभे राहिले. "जेवली आहे. डाव्या कुशीवर आहे. पाणी इथं ठेवलं." मग गेले.

मोबाइल डब्याला टेकवून मी बसले. पडद्यावर काहीच घडत नव्हतं. झोपलेली मामी, फिरणारा पंखा. वरून मेसेज येत होते, हात आपोआप तिकडे जात होता आणि मी तो मागे घेत होते. नुसतं एका माणसाकडे पाहत बसणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. मधेच मामी जागी झाली, उठायला लागली. मी बोलायचं बटण दाबून म्हटलं, "मामी, पडून राहा. मी आहे."

"कोण?"

"मी आहे, मामी."

तिने नाव विचारलं नाही. पुन्हा पडली. डबा तसाच राहिला. मग दार वाजलं, मामा आत आले, पिशवी खाली ठेवली, आधी मामीकडे पाहिलं आणि मग वर माझ्याकडे.

"आलो मी," म्हणाले. "जाय आता तू. जेवून घे."