ताराआत्याने घासलेली कड

ताराआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या भाजीबाजारात मेथी निवडत होते. आतेभाऊ एवढंच म्हणाला, "आई गेली गं... झोपेतच." आता काही आठवडे लोटलेत, आणि खरं सांगायचं तर आत्याबद्दल रडत रडत लिहिणं मला जमणार नाही. ती जिंकून गेलेली बाई होती, आणि हे चारचौघांत सांगायला ती कधी लाजली नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती भिंगं घासायची. "अर्धं नाशिक माझ्यामुळे बघतं," ही तिची नेहमीची फुशारकी.

तिची आई, म्हणजे माझी आजी, एका बंगल्यात भांडी घासायला जायची. तिथलं कटग्लासचं मोठं भांडं आजीच्याच हाती देत, कारण तिच्या हातून काही फुटत नसे. चहा मात्र तिला मागच्या दारी, वेगळ्या ठेवलेल्या कपात. आम्ही बौद्ध, आणि ते त्या घरात कुणी विसरत नसे. आईचं बोट धरून जाणाऱ्या आत्याने हे सगळं पाहिलं होतं.

पुढे बंगला विकला गेला, सामान भंगारात निघालं, आणि एका दुपारी आत्या भंगारवाल्याकडून ते भांडं साडीत गुंडाळून घरी घेऊन आली. आजीने त्याच्या बुडाखाली कोरलेल्या नक्षीवरून बोट फिरवलं. "हेच हाय. चांदणीची एक पाकळी आखूड हाय, बघ." पण कडेचे टवके उडाले होते, हात कापेल असे. आम्ही सगळ्यांनी शहाणपणा शिकवला... शोकेसमध्ये ठेव, फुटकी बाजू भिंतीकडे कर. आत्या म्हणाली, "शोभेला नाय आणलं. बुद्धपौर्णिमेची खीर यातून वाढायची, आईच्या हातनं."

त्यासाठी अख्खी कड घासून खाली आणायची होती. जुनी काच घासायच्या चाकावर तापली तर उभी तडकते, आणि असं दुसरं भांडं कुठून आणणार? आत्याने आधी ते बनलं कसं हे समजून घेतलं, आणि मग आमचे कान किटेपर्यंत सांगितलं. वितळलेल्या काचेत शिसं घालायचं, म्हणजे ती जड होते आणि कापायला नरम पडते. फुंकून जाड भांडं करायचं, निवलं की वर नक्षीच्या रेघा आखायच्या. मग फिरत्या लोखंडी चाकावर ओल्या वाळूने खाचा पाडायच्या, दगडी चाकावर त्या साफ करायच्या, शेवटी लाकडी चाकावर बारीक भुकटीने चमक आणायची. कारागीर भांडं वरून चाकावर दाबतो आणि खाच पडते खालच्या अंगाला, म्हणून ती त्याला आतून, काचेच्या आरपार बघत पाडावी लागते. "एवढं करून पाकळी आखूड राहिली त्याची," आत्या हसायची. "त्यालाही कुणी हाक मारली असेल जेवायला."

सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून तिने दुकान उघडलं. मी पाण्याची धार धरून होते. चाक कडेला लागलं की असा आवाज निघे, माझे दात शिवशिवायचे. थोडं घासायचं, हात लावून बघायचं, थांबायचं... आत्याने त्या दिवशी एकदाही फुशारकी मारली नाही, यावरूनच मी ओळखलं की ती घाबरली आहे. संध्याकाळी तिने भांडं पुसलं आणि टिचकी मारली. लांबपर्यंत घुमलं ते. भांडं बोटभर बुटकं झालं होतं, पण शाबूत होतं.

पौर्णिमेला खीर निववून त्यात ओतली. आजीने कॉलनीतल्या सगळ्यांना वाढलं, शेवटी स्वतःची वाटी भरली, आणि तशीच ठेवून भांडं उचलायला लागली. "आधी हे धुते. नाय तर फोडाल कुणीतरी."

आत्याने तिला खांदे धरून खाली बसवलं. "फुटलं तर फुटलं. आता आपलं हाय. तू खीर खा."

आजी बसली. वाटी संपवून तिने पुन्हा मागून घेतली, आणि आत्या सगळ्यांकडे अशी बघत होती की बास!

परवा आतेभावाकडे गेले होते. आत्याची सून फोन कानाशी धरून, गप्पा मारत मारत, ते भांडं नळाखाली खळखळ धूत होती. मग तसंच ओलं टेबलावर आदळलं आणि त्यात द्राक्षं ओतली. 'जरा जपून गं' अगदी ओठांवर आलं होतं... मग मी द्राक्षांचा एक घोस उचलला.