उद्घाटन न झालेला संडास

बकुळा संध्याकाळनंतर पाणी पीत नसे. यात उपासतापासाचा काही संबंध नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेल्या घरात उपास कोण कुणासाठी धरणार? कारण साधं होतं. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या वस्तीतला सार्वजनिक संडास उंच जोत्यावर होता, आणि बकुळाचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने नेले होते. ती हातांवर चालायची, पंज्यांत रबरी चपला घालून, अंग पुढे ढकलत. हात चपलांमुळे वाचत, बाकीचं अंग पायऱ्यांवरच्या ओलीतूनच जाई. ती ओल कसली, ते लिहिण्याची गरज नाही. पुढे आई भिमाबाई बादली आणि खराटा घेऊन पायरी पायरी धूत चढायची, मागून बकुळा. अलीकडे भिमाबाईचे गुडघे वाकेनासे झाले होते. घरात चालते पाय दोनच, आणि तेही रजेवर निघालेले.

बाकी बकुळाचं कुणावाचून अडत नव्हतं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे घरी येत. शिवणीचे लोंबते धागे कापून द्यायचं काम. कात्री चाले तशीच जीभही चाले. गठ्ठे पाठवणारा शेठ तिला "बकुळा मॅडम" म्हणायचा, कारण वाकडी शिवण दिसली की ती माल परत पाठवायची.

तिने सरकारकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. जमिनीच्या पातळीला एक संडास, दाराशी उतार, आत धरायला दांडी. अपंगांसाठी कायदा झाला होता, निधीही राखून ठेवलेला होता. म्हणजे पैसा होता, कायदा होता, बकुळा होती. फक्त या तिघांची गाठ घालून देणं कुणाच्या टेबलावर येतं ते ठरत नव्हतं. आरोग्य खातं म्हणालं, उतार हे बांधकाम आहे. बांधकाम खातं म्हणालं, अपंग हा समाजकल्याणाचा विषय आहे. समाजकल्याणवाले ठाण्याला बसत. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, "बाई, संडास म्हटला की आरोग्य."

अशी काही वर्षं गेल्यावर, सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, पण संडास बांधून झाला. उतार, दांडी, निळं दार, सगळं जागच्या जागी. दारावर पाटी होती: वर बारीक अक्षरांत 'अपंगांसाठी राखीव' आणि खाली ठळक अक्षरांत नगरसेवक हिंदुराव यांचं नाव. आणि कडीला कुलूप.

बकुळा हिंदुरावांच्या कचेरीत गेली.

"ताई, तुमच्यासाठीच तर बांधलाय!" हिंदुराव प्रेमाने म्हणाले.

"मग किल्ली द्या."

"उद्घाटन झालं की लगेच. साहेब स्वतः येणार आहेत."

"का? साहेबांना लागलीये?"

कचेरीतली माणसं हसली. हिंदुरावही हसले, पण किल्ली खिशातच राहिली. साहेबांची तारीख काही मिळेना. मग २००४ सालची लोकसभा आली, आचारसंहिता लागली. आचारसंहितेत उद्घाटन चालत नाही आणि पुढाऱ्याचं नावही झळकत नाही, म्हणून पाटीवर वर्तमानपत्र चिकटवलं गेलं. निवडणूक झाली, साहेब दमले, विश्रांतीला गेले. ते परत येईपर्यंत विधानसभेची आचारसंहिता. पाटीवर नवं वर्तमानपत्र. लोकशाहीचा एवढा मोठा सोहळा बकुळाच्या पोटावर चालू होता.

गणपतीनंतरच्या एका दुपारी भिमाबाई जुन्या संडासाच्या पायऱ्या धुताना घसरली. हाड मोडलं नाही, पण उठवायला माणसं बोलवावी लागली. बकुळा खालीच बसून होती, आईला हातही देता येईना. घरी आणून निजवल्यावर म्हातारी म्हणाली, "तू जा गं, माझं काय बघतेस? पायरी धुतलीये."

बकुळा गेली नाही. तिने शेजारच्या विठाला हाक मारली. "विठा, वरवंटा आण."

"आत्ता? वाटण वाटायचंय?"

"कुलूप वाटायचंय."

कुलपावर कुठल्याशा परदेशाचं नाव कोरलेलं होतं, म्हणजे नक्कल उल्हासनगरचीच. विठाच्या दुसऱ्या घावाला ते गळून पडलं. आत नळ होता, नळाला पाणी नव्हतं. पाइप भिंतीतून बाहेर येऊन हवेतच थांबला होता. दांडी उभ्या माणसाच्या छातीशी येईल इतक्या उंचीवर. म्हणजे जो उभा राहू शकतो त्याला आधार द्यायची पूर्ण सोय. बकुळाने सगळं एकदा पाहून घेतलं. विठाने बादली भरून आत ठेवली.

ही बातमी पालिकेत मात्र तासाभरात पोचली. इतक्या वर्षांत कुठलीच खबर इतक्या वेगाने पोचली नव्हती. स्वच्छता निरीक्षक शंकरराव नवं कुलूप घेऊन हजर. दार आतून बंद.

"कोण आहे आत?"

"अपंग," बकुळा म्हणाली.

"बाई, बाहेर या. याचं उद्घाटन झालेलं नाही."

"झालं आत्ताच."

बाहेर बायका जमल्या. विठा पदर तोंडाला लावून हसत होती. शंकरराव माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुलूप लावायला सांगितलं होतं, आत माणूस असेल तर काय करायचं ते सांगितलं नव्हतं. तो उतारावर उभा राहिला, दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा खाकरला.

"बाई, वर जाब द्यावा लागतो मला. किती वेळ लागेल?"

"तुमच्या खात्याला केवढा लागला?"

ऊन उतरू लागलं. कुणीतरी त्याला बसायला पाट आणून दिला, तो त्याने घेतला नाही. शेवटी कुलूप पिशवीत टाकत तो दारापाशी वाकून म्हणाला, "ठीक आहे. उद्या सकाळी येतो मी."

"या की," आतून आवाज आला. "सकाळी तर मी इथेच असणार."