मंदारच्या मशीनमधली राखीव जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणणार नाही, पण पूर्वीसारखं हसून सोडूनही देता येत नाही... एकाहत्तर वर्षांची बाई मी. शनिवार पेठेत पंधरा वर्षं डीटीपी केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची अक्षरजुळणी. मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला ‘उद्या येतो’ म्हणायचा, म्हणून स्वतःच उघडायला शिकले — पुस्तकं वाचून आणि शॉक खाऊन. बिघाडाला कारण असतंच, हे मी जन्मभर लोकांना ऐकवत आले. आता हे ऐका.

मंदार माझा भाचा. हिंजवडीला नोकरी, धायरीला फ्लॅट. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला तो उठलाच नाही. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरला वाटलं, साहेब झोपलेत. चाळिशीही गाठली नव्हती हो...

मागे बायको केतकी आणि चार वर्षांची इरा. मंदारनं इरासाठी स्वतःच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. त्या लावल्याशिवाय पोर घास गिळत नव्हती. आणि त्या होत्या त्यानं घरी बांधलेल्या कॉम्प्युटरमध्ये, जो तो गेल्यापासून सुरूच होईना. शनिवारी केतकी कायमची नागपूरला, माहेरी निघणार होती. सोमवारी फोन आला, “आत्या, तुम्ही बघता का एकदा?”

त्याच दिवशी धायरीला गेले. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली तर नुसता कचरा. त्यानं कुलूप घातलेलं आणि किल्ली त्या मशीनच्या मुख्य बोर्डात. म्हणजे उठवायचं तर तेच मशीन.

बूट लोडर म्हणजे काय, ते सांगते. बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागा होणारा छोटासा प्रोग्राम. मंगल कार्यालयात पंगत बसवणारा माणूस असतो ना, तसा तो बाकीच्यांना मेमरीत जागा दाखवतो. मंदारनं तो स्वतः लिहून बोर्डाच्या चिपमध्ये बसवलेला. आणि तो एकच सांगत होता — मेमरी अपुरी. आठ जीबी असताना! मेमरीचा नकाशा मागवला, तर मधोमध एक तुकडा ‘राखीव’. कोणासाठी, ते नाही.

मंगळवारी तो तुकडा वाढला होता. बुधवारी आणखी.

माझी एक सवय आहे. मशीनला हात लावण्याआधी वायर काढायची आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीजही राहत नाही. वीज गेली की मेमरी कोरी. हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तसं करून, डिस्कही काढून ठेवून, बुधवारी दुपारी तो तुकडा उघडून पाहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी — हल्लीची मुलं मोबाईलवर लिहितात तसं. ‘मी इथे आहे मी इथे आहे मी इथे आहे’... खालपर्यंत.

चहा गार झाला माझा.

मंदारच्या ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “काकू, टेस्टिंगला आम्ही असलं काहीबाही भरतो. बोर्डाच्या चिपमध्ये राहिलं असेल.” पटलं. पण मग रोज वाढतंय कसं? शेवटी गुरुवारी नवी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, आणून बसवली. तेच शब्द, त्याच जागी. गेले दुकानदाराकडे.

“अहो, यात आधीचं काहीतरी लिहिलेलं निघतंय.”

“वीज नसताना रॅममध्ये काही उरत नाही, काकू. तुमच्यात उरलं असेल तर जपून ठेवा, नोबेल मिळेल. परत मात्र घेणार नाही.”

शुक्रवार उजाडला. बाहेर केतकी खोकी बांधत होती. इरा वरणभाताच्या ताटलीसमोर तोंड मिटून बसलेली. उपाय एकच उरला होता, आणि तो मला सोमवारपासून माहीत होता : राखीवची खूण काढायची आणि ती जागा मोकळी समजून तिच्यावर लिही, असं लोडरला सांगायचं. खालचं पुसलं जातं. कायमचं.

दार लोटून घेतलं आणि... लाज वाटते सांगायला, पण मोठ्यानं बोलले. “मंदार, जरा सरक रे बाळा. इराला गोष्ट हवी आहे.”

वायर काढली, बटण दाबून धरलं, परत चालू केलं. नकाशा पाहिला. तुकडा जागचा हलला नव्हता. पण त्या आठवड्यात पहिल्यांदाच तो वाढलाही नव्हता. कालच्या आकड्यावर थांबलेला... कोणी बोलू लागलं की आपण ऐकायला थांबतो, तसा.

वाट पाहायला हवी होती का? मी तीनदा बंद-चालू केलं. तिन्ही वेळा तेवढाच. बाहेरून केतकीचा आवाज आला, “इरा, एक तरी घास खा ग!”

मी कमांड दिली आणि एंटर दाबलं.

मशीन लगेच उठलं. गोष्टी सगळ्या शाबूत. मंदारचा आवाज आला तशी इरा ताटली घेऊनच धावत आली. केतकी दारात उभी राहून रडली. मग म्हणाली, “काय झालं होतं, आत्या?”

“मेमरी भरली होती,” म्हटलं.

मशीन आता नागपुरात आहे. उत्तम चालतं. नकाशात राखीव काही दिसत नाही, मी तिथे जाऊन पाहून आले. या क्षेत्रातल्या चौघांना विचारलं, चौघांनी चार कारणं सांगितली. त्यांतलं एखादं खरंही असेल, मला नाही उमगलं. आपल्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा... पण ते काय होतं, हे नाही सांगितलंत तरी चालेल. फक्त एवढं सांगा, तो थांबलेला असताना मला दुसरा काही मार्ग होता का?