पद्माकररावांनी लेकीला लावलेला पगार

पद्माकर सबनीस लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आणि माणूस थापाड्या नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कोणाचाही तसा समज होईल. त्यांना खोड होती ती एवढीच, की दुसऱ्याबद्दल सांगताना ते त्याला एक पायरी वर चढवून ठेवत. शेजारचा पोस्टमन त्यांच्या तोंडी ‘रॉयल मेलमध्ये ऑफिसर’ असे. त्यांच्या पत्नी सुप्रभाबाई आठवड्यातून तीन दिवस कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जात, तर पाहुण्यांना सांगणं काय, ‘लायब्ररी हिच्याकडेच आहे.’

“माझ्याकडे लायब्ररीची किल्लीसुद्धा नाही हो,” बाई म्हणत.

“विश्वास तर आहे ना त्यांचा!” हे उत्तर.

स्वतःला मात्र गृहस्थाने कधी चढवलं नाही. कन्सल्टंटची, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या डॉक्टरची, जागा दोनदा हातची गेली. यांच्या हाताखाली शिकलेली पोरं कन्सल्टंट झाली, आणि हे त्यांच्या पार्टीला वाइनची बाटली घेऊन वेळेआधी हजर. “काय करता आपण?” कोणी विचारलं, की “लोकांना झोपवतो,” एवढं बोलून विषय बंद. सुप्रभाबाईंना याचा भयंकर राग यायचा. जगाला वर चढवायला निघालेल्या माणसाने स्वतः तळाशी उभं राहायचं, हा कुठला न्याय? पण रागावून झालं, की त्यांचा डबा त्याच भरून देत.

यांची एकुलती एक लेक मालविका. जन्म लीड्सचा, उंची सहा फूट, हात-पाय लांबच लांब. नातेवाईक तिच्याकडे पाहून काळजीने उसासे टाकत, आणि ती बास्केटबॉल खेळायची. शाळा संपल्यावर एक वर्ष बेल्जियममधल्या एका क्लबात खेळून आली. क्लब पगारी खेळाडूंचा, पण ही शिकाऊ. हिला खोली, दोन वेळचं जेवण आणि बसचा पास, बस्स. खेळाचा म्हणून छदाम घेतला नव्हता. घ्यायचाच नव्हता, कारण डोळे लागले होते अमेरिकेकडे. तिथल्या एका कॉलेजला तिला घ्यायचं होतं, फी माफ, शिक्षण आणि खेळ दोन्ही. तिथला दंडक असा, की कॉलेजच्या संघात पगारी खेळाडू चालत नाही. एकदा खेळाचा पगार खाल्लात की संपलं.

२००३च्या उन्हाळ्यात त्या कॉलेजच्या कोच, हार्लनबाई, मुलीला आणि घरच्यांना भेटायला लीड्सला यायच्या होत्या. मालविकाने बजावलं, “बाबा, तिला सांगा मी अमॅच्युअर आहे. तेच इम्पॉर्टंट आहे.”

पद्माकरराव हसले. त्यांना तो मुलीचा विनय वाटला. मुलीने स्वतःबद्दल कमी बोलावं आणि बापाने ते भरून काढावं, हीच तर रीत. इतक्या लांबून कोणी मुलगी बघायला येतंय, आणि आपण सांगायचं काय, तर हौशी आहे? हौशी काय, शेजारणीच्या हार्मोनियमसारखी?

झालं. कोच आल्या आणि घरात सरळ सरळ मुलगी दाखवायचा कार्यक्रम उभा राहिला. सुप्रभाबाईंनीही हात आखडता घेतला नाही, उगाच त्यांना वगळायला नको. कांदेपोहे केले, वर ओलं खोबरं. मालविकाला पंजाबी ड्रेस घालायला लावला, त्याची सलवार घोट्याच्या चांगलीच वर. ट्रे घेऊन ती आली तेव्हा कोचबाईंना काय बोलावं कळेना. पोहे मात्र त्यांनी दोनदा मागून घेतले.

“बेल्जियमचं वर्ष कसं गेलं?” कोचनी सहज विचारलं.

मालविका तोंड उघडणार तोच पद्माकरराव पुढे सरसावले. “उत्तम! शी वॉज फुल प्रोफेशनल. सॅलरीड. अगदी पहिल्या महिन्यापासून.”

हार्लनबाईंचा चमचा बशीतच राहिला.

“बाबा!” मालविका ओरडली. “नाही! ही इज जस्ट... असं काही नव्हतं!”

“लाजते,” पद्माकररावांनी कौतुकाने खुलासा केला.

कोच अगदी सभ्यपणे निघाल्या. दारात एवढंच म्हणाल्या, की हे त्यांना कॉलेजला कळवावं लागेल.

मग घरात जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मालविका जिन्यावर बसून रडली. “तुम्ही का सांगितला तसं? माझा सगळा इयर वेस्ट झाला!” पद्माकररावांना आधी उमगेचना. पगार होता म्हटल्यावर माणसाची किंमत कमी होते, असा देश त्यांनी पाहिला नव्हता. उमगलं तेव्हा ते खुर्चीत बसले. बेशुद्ध रुग्णाशेजारी बसत तसे, श्वासाकडे लक्ष ठेवून.

“बसून काय होणार?” सुप्रभाबाई म्हणाल्या. “फोन उचला.”

“काय सांगू?”

“खरं. तेवढंच शिल्लक आहे.”

हॉलमध्ये उभं राहून त्यांनी कोचच्या हॉटेलात फोन लावला. सुप्रभाबाई दाराआड उभ्या, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती.

“डॉक्टर,” पलीकडून प्रश्न आला, “तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा,” पद्माकरराव म्हणाले. कान लाल झाले होते. “आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले, की बाप तिचं थोडं वाढवून सांगतो. तुम्ही लग्नासाठी आला नव्हता, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिला पगार नव्हता, मॅडम. मीच लावला.”

मग हार्लनबाईंनी विचारलं, “असं आणखी कोणाला सांगितलंय?”

“बऱ्याच जणांना.”

“मग त्यांनाही खरं सांगा. आमचे लोक चौकशी करतात. मी क्लबशी बोलते, पण वचन देत नाही.”

पद्माकररावांनी त्याच संध्याकाळी सुरुवात केली. पहिला फोन स्टॅनमोरच्या चुलतभावाला, संजयला, कारण तिथे सांगितलं की निम्म्या लंडनला कळतं.

“म्हणजे?” संजय फोनवर इतका ओरडला की स्वयंपाकघरात ऐकू आलं. “वर्षभर पोरीला फुकट राबवून घेतलं? आणि तू गप्प बसलास?”

“फुकट,” पद्माकरराव म्हणाले. “एक पैसा घेतला नाही तिने.”

“अरे, तू तर म्हणाला होतास...”

“मी काहीही म्हणतो. बसचा पास होता. तो धर.”

कार्डिफला बहिणीला, शशीला फोन केला, हॉस्पिटलातल्या सिस्टरांना सांगितलं, मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. लोक खांद्यावर हात ठेवत. ‘होतं असं, मिळेल पुढे कधीतरी’ म्हणत. पगार नसलेल्या मुलीबद्दल असं सांत्वन! सुप्रभाबाईंनी नवऱ्याला इतक्या वेळा मान खाली घालून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. कन्सल्टंटची जागा गेली तेव्हाही नाही. परतीच्या वाटेवर गाडीत त्या म्हणाल्या, “दमलात ना?”

“नाही गं. पण सगळ्यांना कशी कीव येते बघ तिची. मला सांगावंसं वाटतं, की ती...”

“सांगू नका.”

“नाही सांगत.”

ऑगस्टमध्ये कॉलेजचं उत्तर आलं. मालविकाने कॉम्प्युटरवर वाचलं आणि मोठ्याने सांगितलं. क्लबने पगार नव्हता म्हणून कळवलं होतं, आणि ते मान्य झालं होतं. पण पगारी संघाबरोबर खेळली हे खरंच होतं, म्हणून पहिले काही सामने बाकावर बसायचं. त्यानंतर खेळायची मोकळीक.

पद्माकरराव तिच्या मागे उभे होते. “रागावलीस माझ्यावर?”

“खूप,” मालविका म्हणाली, आणि खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. “पण मी जाणार आहे, बाबा. पॅकिंग कधी करायचा?”

ते माळ्यावरून बॅगा काढायला निघाले. सुप्रभाबाई शिडी धरून उभ्या राहिल्या. वरून धूळ, मग खोकला, आणि मग लग्नानंतर मुंबईहून येताना आणलेली मोठी सुटकेस आधी तळाकडून दिसू लागली.

“हिची कडी तुटलीय,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे,” वरून आवाज आला. “दुसरी बघतो.”