सर्वणच्या हुर्राकातलं लोखंड

माझ्या जिभेची कीर्ती डिचोलीच्या बाजारापासून पेडण्याच्या समुद्रापर्यंत पोचली होती, आणि ती पोचवणारा मीच. ट्रक चालवणारा माणूस थांबेल तिथे आपलंच गुणगान उतरवून पुढे जातो. काजूचा हंगाम आला की हुर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, चाखायला भट्ट्याभट्ट्यांवरून मला बोलावणी. एका घोटात मी झाडाचा पत्ता सांगायचो. वरच्या कातळावरची बोंडं तहानलेली, बारकी, म्हणून हुर्राक कडक आणि वासाचा. खाली पाटाजवळची पाणी पिऊन सुजलेली, म्हणून तो मिळमिळीत. मळभाच्या वर्षी आंबूस. पेडण्याच्या किनाऱ्याकडचा असला तर जिभेच्या टोकाला खारा वारा. एकदा तर नुसत्या वासावरून सांगितलं, ह्या काजूखाली म्हैस बांधतात. लोक माझ्या पाया पडायचेच बाकी राहिले. भट्टीवाल्याच्या चपलेला शेण लागलेलं फक्त मी बघितलं होतं.

गोवा नुकताच राज्य झाला होता. कोकणी की मराठी, हे भांडण भट्टीवर अजून निवलं नव्हतं. पहिला पेला मराठीत, तिसरा कोकणीत, पाचव्याला भाषाच नसायची. त्या हंगामात मी सर्वणला धाकट्या बहिणीकडे गेलो. तिचे काजू खाणीच्या रस्त्याला लागून. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक, त्यांतला एक माझा. पानं तांबडी, दोरीवरची लुगडी तांबडी, कोंबडासुद्धा तांबडा शिंकत होता. बोंडं निम्मीच धरली होती आणि सुपारीएवढी राहिली होती.

वाड्यावरच्या लोकांनी ट्रक अडवायचं ठरवलं होतं. सगळ्यांत पुढे बसणार होते भावजी, म्हणजे तिचा नवरा. झाडं त्यांचीच रस्त्याला टेकलेली. बहिणीने पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "दादा, ह्या धुळीन झाडां खाल्ल्यान काय, की मातीच तशी? तू सांगशीत तां खरां."

पहिल्याच घोटात मला कळलं. दमलेल्या, घुसमटलेल्या झाडाचा तो हुर्राक होता. पण धूळ म्हटलं असतं, तर भावजी रस्त्यावर आणि माझा ट्रक उभा. मी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि बोललो.

"बाये, तुझ्या डोंगरात लोखंड आसा. तां मुळांतसून वर चडता. बोंडां थोडी, पण बळ दुप्पट. असलो हुर्राक आख्ख्या गोव्यात मिळूचो नाय."

मग मी सुटलोच. लांबच्या देशांत द्राक्षाची दारू असल्याच उपाशी मातीतून येते, तिथले जमीनदार द्राक्षांना मुद्दाम तहानेलं ठेवतात, असं सांगितलं. ते मी खरोखरच ऐकलं होतं, म्हणून खोट्याला चांगला टेकू मिळाला. भावजी ऐकत होते. शेवटी म्हणाले, मातीच तशी असेल तर रस्त्यावर बसून काय उपयोग. ते गेले नाहीत. पुढचा माणूसच घरी राहिल्यावर बाकीचेही दुपारपर्यंत पांगले. संध्याकाळी मी हॉर्न वाजवत त्यांच्या दारावरूनच गेलो.

वर्षभर बहीण आल्या-गेल्याला अभिमानाने पाजत राहिली, आमच्या हुर्राकात लोखंड आहे म्हणून. माझी जीभ तिच्या घरात देव्हाऱ्यात जाऊन बसली होती.

पुढच्या हंगामात मोहोर काळा पडून गळला. जी थोडी बोंडं धरली त्यांचा मिळून एक बाटलीभर हुर्राक उतरला, तो तिने कोणालाही न देता माझ्यासाठी ठेवला होता. मी घोट घेतला. त्यात कातळ नव्हता, वारा नव्हता, काहीच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दादा, औंदा लोखंड जरा जास्त झाला काय रे?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी सुटलो असतो. मी शोधला; नव्हता. उंबऱ्याबाहेर माझा ट्रक भरलेला उभा होता.

"होय, बाये," मी म्हटलं. "जास्त झाला."

तिने मान हलवली आणि उरलेली बाटली माझ्या पिशवीत घातली.