आखजीपर्यंत राह्यतो

घर बघायला गेलो त्या दिवशी अख्ख्या लेआउटमध्ये एक दार उघडं नव्हतं. देऊळघाटच्या रस्त्याने निघालं की बुलढाणा जिथे संपतं न संपतं तिथे हे लेआउट आहे. मुरुमाचे आडवे रस्ते, मधे मोकळे प्लॉट, प्लॉटात गाजरगवत, आणि घरांपुढे पाण्याच्या निळ्या टाक्या. ज्या गेटाकडे बघावं त्याला कुलूप. मी नवऱ्याला म्हटलं, इथे माणसं राहतात की नुसती कुलपं? तो म्हणाला, गावातली भाडी आठव आणि मग बोल.

मोताळ्याकडे माझं माहेर. पुढच्या वेळी गेले तेव्हा मायला हे सांगितलं तर ती हसायला लागली. आम्ही गेलो तो बुलढाण्याच्या बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी आपलं गाव कसं ओस दिसतं हे मला लहानपणापासून माहीत, तरी मी कुलपं बघून माणसं ठरवून आले होते.

तर आम्ही ते घर भाड्याने घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. मालक मुलाकडे राहायला गेलेले. त्यांना घर विकायचंच होतं. ते म्हणाले, काही महिने राहून बघा, पण आखजीला मला हो की नाही सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं आहे. आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे घरादाराचे बोल त्या दिवसावर ठेवायची रीतच आहे.

स्वस्त घर का स्वस्त असतं ते राहायला गेल्यावर कळतं. नळाची पाइपलाइन रस्त्यापर्यंत येऊन थांबलेली. टँकर यायचा, पण कधी येईल हे त्यालाच ठाऊक. खाली काळी माती, म्हणून पावसाळ्यात स्कूटी मेन रोडला लावून चप्पल हातात घेऊन घरी यावं लागेल, असं आधीच्या भाडेकरूने सांगून ठेवलं होतं. खांबावरचा दिवा मनात आलं तर लागायचा. पण हवा चांगली, सकाळी डोंगराकडून वारा येतो, आणि शहरात तेवढ्या पैशात आम्हाला एक खोलीही मिळाली नसती.

हे सगळं मी सोसलं असतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कारण ते खरं आहे आणि मला सांगायला आवडतं. बी.एस्सी. केलं, लॅबचा कोर्स केला, आता एका लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करते. एसटीत उभं राहून शिकलेल्या बाईला चिखलाचं काय? प्रश्न मायचा होता.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ नाही. संक्रांतीच्या सुमारास माय अंगणात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हातात पहिला जोर आला नाही. तिने एकटीने गावात राहणं आता होणार नव्हतं. लेकीच्या घरी राहायचं तिच्या जिवावर आलं होतं, त्यात ते घर घाटावर. आम्ही घाटाखालचे. घाटावरची माणसं चहा विचारतात पण कप पुढे करत नाहीत, असं माय म्हणायची. तिला हे कोणी सांगितलं होतं देव जाणे. होळीच्या आधी ती आली ती एक पिशवी घेऊन. पेटी गावालाच ठेवली. म्हणाली, "आखजीपर्यंत राह्यतो. मंग पाहू."

म्हणजे मालकांचा आणि मायचा, दोघांचाही वायदा आखजीचाच होता. आणि माय राहणार नसेल तर मला ते घर नको होतं. मग शहरात लॅबजवळ एखादी खोली बघायची, म्हणजे दुपारी जेवायच्या सुट्टीत तरी तिच्याकडे जाता येईल.

नवरा नांदुऱ्याला धान्याच्या दुकानात आहे. तो पहिल्या गाडीने जातो, मी नऊला निघते. संध्याकाळी आले की माय पायरीवर बसलेली असायची. आज कोणाशी बोललीस, असं मी विचारायचे. एकदा म्हणाली, टँकरवाल्याशी. त्याच्या मेव्हणीचं लग्न आहे म्हणे. यापलीकडे काही नाही. समोरच्या घरी निवृत्त कंडक्टर आणि त्यांची बायको राहत, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या पलीकडे निळं गेट, त्यानंतर बुलेटवाले. मी त्यांना गेटांवरून ओळखायचे. येता-जाता मान हलवायची, संपलं.

चैत्रात एक दिवस घरी आले तर स्वयंपाकघरात मोठ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, गहू भिजलेला. मायने कुरड्यांना गहू घातला होता. मला फार बरं वाटलं. हात हलायला लागले म्हणजे मन लागायला लागलं, असं मी धरलं. तीन दिवस ती पाणी बदलत होती, चौथ्या दिवशी तिने मिक्सरमधून थोडा थोडा काढून चीक गाळून ठेवला. घरभर तो आंबूस वास. मीच गंजावर झाकण ठेवायला गेले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा चीक चार-पाच बायकांचा आहे.

गावात कुरड्या कोणी एकटं करत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी सावड असते. शिजलेला चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो, निवला की दगड. मायने चाळीस वर्षांच्या सवयीने सावडीच्या मापाने गहू घातला, आणि मी तो तीन दिवस बघूनही मला काही खटकलं नाही. आमच्या दोघींच्याही डोक्यात बायका आपोआप यायच्या.

"माय, हे करू लागाले कोन येणार?"

तिने गंजात डोकावून बघितलं. मग म्हणाली, "ध्यानातच नाही राह्यलं व मह्या. मले वाटलं मी घरीच हावो."

ते ऐकून मला मालकांना नाही म्हणून सांगावंसं वाटलं.

सकाळी मी लॅबला अर्धी सुट्टी टाकली. दुकानात माल यायचा होता म्हणून नवऱ्याला थांबता आलं नाही. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं, खाली चीक शिजवायला घेतला. ढवळता ढवळता माझे खांदे भरून आले. मायने पहिला सोऱ्या भरला आणि फिरवायला गेली तर मनगट वळेना. डाव्या हाताने बघितलं, तेही जमेना. मी सोऱ्या घ्यावा तर चीक खाली लागतो, चीक ढवळावा तर सोऱ्यातला निवतो. सोऱ्या खाली ठेवून पदराने हात पुसत बसली.

मी गॅस बारीक केला आणि समोरच्या गेटाशी गेले. आजवर मी कोणाला काही मागितलं नव्हतं. शिकतानाही नाही. काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात कंडक्टरांची बायको आतून हात पुसतच आली. मी म्हटलं, काकू, आमच्याकडे कुरड्यांचा चीक...

"शिजला का?"

"शिजला."

"आन् आता सांगून राह्यली? दोन दिवसांपासून वास येऊन राह्यला गल्लीत. मी निळ्या गेटवालीले म्हनलं, बोलावतीन आज, बोलावतीन उद्या. ती म्हने, काहीचं, मॅडम हायेत त्या, इकतच्या खात असतीन."

बोलावल्याशिवाय कोणाच्या कुरड्यांना जायचं नसतं. हे आमच्याकडेही तसंच आहे. गावात माय गहू भिजवायची त्याच दिवशी हापशीवर सांगून यायची, परवा चीक आहे म्हणून. तेच आमंत्रण. इथे तिला सांगायला कोणी नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं त्या वास घेत हाकेकडे कान लावून बसल्या होत्या.

काकूंनी गेटातूनच दोन हाका मारल्या. निळ्या गेटवाली आली, बुलेटवाल्यांच्या दोन सुना आल्या. सोबत आपापले सोरे. एकीने माझ्या हातातून चाटू काढून घेतला आणि मला गच्चीवर पिटाळलं. काकूंनी मायला खुर्चीसकट वर नेऊन सावलीत बसवलं. म्हणाल्या, मावशी, तुम्ही फक्त चुका काढा.

हे काम मायला चांगलं जमतं. कुरडई केवढी असावी यावरून घाटावर आणि घाटाखाली अशी तिथेच जुंपली. काकूंच्या मते आमच्या कुरड्या म्हणजे नुसती जाळी. माय म्हणाली, तुमची कुरडई तळली तर कढईत दुसरीले जागा राह्यत नाही. निळ्या गेटवालीला हसताना ठसका लागला. मधेच खालून वाट्यांत गरम चीक आला, वर तेल आणि तिखट. कप पुढे न करणारी ती माणसं मायच्या वाटीत दुसऱ्यांदा चीक वाढत होती. मी मायकडे बघितलं. तिने नजर चुकवली आणि वाटी पुढे केली.

उन्हं चढायच्या आत लुगडं भरलं. जाताना काकू म्हणाल्या, परवा माझा चीक आहे. मग निळं गेट. मग सुनांच्या मुगवड्या. सावड घेतली की फेडावी लागते, याबद्दल माय फार कडक आहे. सोऱ्या फिरत नव्हता तर ती प्रत्येक घरी जाऊन कुरड्या उलटवायची, कावळे हाकायची आणि चुका काढायची. संध्याकाळी आले की पायरी रिकामी. कोणत्या गच्चीवर आहे ते आवाजावरून शोधावं लागे. कोणाची सून कुठली, कोणाच्या बोअरला किती पाणी, टँकर कोणाला फोन केला की लवकर येतो, हे सगळं मला तिच्याकडून कळलं.

नळ अजून आलेला नाही. पहिल्या पावसाळ्यात चप्पल हातात घेऊनच यायचे, आणि त्या चिखलात काकूंचे यजमान कंदिलासारखी बॅटरी धरून गेटात उभे असायचे. लॅबमधल्या मुली मला विचारतात, तिकडे घर घ्यावं का? मी पाण्याचं आधी सांगते, मग चिखलाचं. त्यानंतर म्हणते, घर बघून झालं की तिथल्या एखाद्या बाईला उद्याचं काही काम सांगून बघ.

त्या वर्षीच्या आखजीला आमरस आणि त्याच कुरड्या होत्या. मालकांचा फोन दुपारी यायचा होता. मी मायला विचारलं, काय सांगू त्यांना? ती कुरडई मोडत होती.

"मले काय विचारतं? सुनांच्या मुगवड्या राह्यल्या अजून. त्या झाल्याबिगर जाता येते का?" मग दुसरी कुरडई उचलत म्हणाली, "जावयाले म्हन, गावाकडून येताना पेटी घेऊन या."

मालकांचा फोन यायची मी वाट पाहिली नाही. मीच लावला.